चक्कर

“डावा पाय आधी, नामाबाबा. स्टुलावर ठेवा. हां, आता वरचं हँडल धरा.”

नामाबाबांनी हँडल धरलं, पण पाय काही उचलला नाही. निळ्या प्लास्टिकच्या स्टुलाकडे ते नुसते बघत राहिले. गाडी उंच, त्यात त्यांच्या उजव्या हाताचं प्लास्टर चारच दिवसांपूर्वी निघालेलं, म्हणून शेजारच्या रंजिताने आपल्या घरातलं स्टूल डिकीतच ठेवून दिलं होतं.

“उचल ना,” त्यांची बायको पुतळाआई मागून म्हणाली. “पोरगी कवरा येल उभी हाय.”

“उचलतो गो. पन उचलला न परत ठेवताना जाग्यावर नसला तं?”

पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत हा माणूस रोज दुपारी चारला बोनकोड्यातल्या आपल्या घरातून निघून एकटा चालत खाडीच्या बांधावर जायचा. वय ऐंशीला दोन कमी. हातात काठी नाही, पायात चप्पल असली तर असली. बांधावर त्यांच्यासारखेच आणखी तीन म्हातारे यायचे. भरती कुठवर आली, सुकती कधी लागेल, एवढंच बोलून चौघेही उजेड असतानाच परत फिरायचे. जाळं सोडून वीस वर्षं झाली होती, पाणी बघायचं मात्र सुटलं नव्हतं.

रंजिता खाली वाकली. नामाबाबांचा पाय तिने दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला, मग दुसरा गाडीत. सीटबेल्ट लावला. पुतळाआई मागे बसली, मांडीवर हॉस्पिटलची फाइल घेऊन.

“चालू झाली?” गल्ली अर्धी संपल्यावर नामाबाबांनी विचारलं.

“कधीच झाली.”

“आवाज तं नाय.”

“हळू असली की बॅटरीवर चालते, बाबा. जोरात गेली की मग इंजिन लागतं.”

“मांजर चालते तशी चालते,” नामाबाबा म्हणाले आणि समोरच्या मोठ्या पडद्यावरचे हिरवे बाण बघत बसले. मग जरा वेळाने म्हणाले, “तू त्या दिवशी मांगून आयलीस म्हनून. नायतं थयच परून रायलो असतो. देवानीच धारली तुना.”

पुढे सिग्नल हिरवा होता, तरी रंजिताचा पाय ब्रेकवर गेला.

वाशीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पुन्हा पाहिले. डोक्याचा फोटो, मानेचा फोटो, हृदयाची पट्टी. सगळं वयाच्या मानाने बरं होतं. “पडण्याआधी नेमकं काय वाटलं? डोळ्यांपुढे अंधारी आली का?” त्यांनी जोरात विचारलं, कारण नामाबाबांना कमी ऐकू यायचं.

“नाय. पाय मांगून कोनी वढून घेतले, तसा वाटला.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. चक्करेच्या गोळीचा डोस वाढवला. एकट्याने चालायचं नाही, बाथरूमलासुद्धा कुणीतरी सोबत हवं, असं बजावलं. “कारण सापडत नाही म्हणजे कारण नाही असं नसतं, आजोबा.”

फाइल रंजिताच्या हातात होती. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. ते कारण तिला ठाऊक होतं.

*

रंजिता मूळची उरणकडची. वडिलांचा बर्फाचा टेम्पो होता आणि तिला भाऊ नव्हता, म्हणून अठराव्या वर्षीच ती तो टेम्पो करंजाच्या धक्क्यापर्यंत न्यायला शिकली. बी.कॉम. झाल्यावर सानपाड्यात एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात दोन वर्षं कारकुनी केली. मग कुंदन मढवीशी लग्न झालं, दोन मुली झाल्या, नोकरी सुटली. कुंदनच्या बापाने गावठाणातल्या चाळी पाडून इमारती उभ्या केल्या होत्या. आता त्या कुंदन बघत होता. गेल्या दसऱ्याला त्याने ही हायब्रिड एसयूव्ही आणली. पांढरी, रुंद, आत चामड्याच्या सीटा. हार घालून, लिंबं चिरडून ती गल्लीत शिरली तेव्हा गाव गोळा झालं होतं.

पण कुंदनला ट्रॅफिकमध्ये गाडी हाकायचा कंटाळा. रविवारी मित्रांना घेऊन लोणावळ्याला जाण्यापुरती ती त्याची. बाकी सहा दिवस रंजिताची. मुलींची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, भाजी, बँक. उंच सीटवर बसून दार लावलं की बाहेरचा कालवा एकदम तुटायचा. त्या शांततेत तिला कोणी हाक मारत नसे. घरात अशी जागा नव्हती. गाडी बंद करताना पडद्यावर चालवण्याचे गुण यायचे, शंभरपैकी. तिला नेहमी नव्वदच्या वर मिळायचे. कुंदनला साठ.

गल्लीत मात्र गाडीच्या चारही बाजूंचे सेन्सर वेडे व्हायचे. ओट्या, मोटारसायकली, पाण्याची पिंपं, सगळ्याला टीं-टीं. म्हणून गल्लीच्या तोंडाशी आलं की बटण दाबून ते बंद करायची तिला सवय लागली होती.

त्या दुपारीही तिने बटण दाबलं. पुढे नामाबाबा चालले होते, गल्लीच्या मधोमध. एका घरात फरशी कापायचं मशीन करकरत होतं. गाडीची जी काय बारीक गुणगुण असते ती त्यात कुठल्या कुठे गेली. म्हाताऱ्या माणसाला काय हॉर्न मारायचा, म्हणून रंजिता त्यांच्या मागे मागे चालत्या माणसाच्या वेगाने गाडी नेत राहिली. तेवढ्यात कुंदनचा फोन आला आणि पडद्यावर त्याचं नाव उमटलं. तो कट करायला तिने बोट पुढे केलं. पहिल्यांदा लागलं नाही. पुन्हा केलं. वर बघितलं तेव्हा नामाबाबा दिसत नव्हते.

धक्का असा जाणवलाच नव्हता. गाडीचा डावा कोपरा त्यांच्या गुडघ्याच्या मागच्या लवणीत लागला असणार, एखाद्याने गंमत करावी तेवढा. ते गुडघ्यांवर बसले आणि उजव्या हातावर पडले.

ती धावत उतरली. नामाबाबा जमिनीवर बसून स्वतःच्या पायांकडे बघत होते. गाडीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“पाय जेले गो माजे,” ते म्हणाले. “चालता चालता जेले.”

“बाबा, मी...” ती म्हणाली. तोवर पुतळाआई आली, शेजारपाजारचे आले, नामाबाबांचा मुलगा पोपट बनियनवरच धावत आला. कोणीतरी म्हणालं, चक्कर आली असेल, ऊन बघ किती आहे. नामाबाबांनी मान डोलावली. पोपट तिच्याकडे वळून म्हणाला, “वैनी, तुमी होता म्हनून बरा झाला. गारी हाय ना? वाशीला नेऊ.”

ती गाडीत बसली. मनगट मोडलं होतं. हॉस्पिटलच्या दारात गाडी बंद करताना पडद्यावर गुण उमटले. चौऱ्याण्णव.

*

संध्याकाळी कुंदन चहा घेत असताना तिने त्याला सगळं सांगितलं. कप खाली ठेवून तो म्हणाला, “कोनी बघितला?”

“नाही.”

“म्हाताऱ्याला माहीत हाय?”

“त्यांना वाटतंय चक्कर आली.”

“मग आली. विषय संपला.”

तो खाली गेला. काचेला लावलेल्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून पाच मिनिटांत परत आला. “टेन्शन नको घेऊ. तू काय मुद्दाम केलास? त्याला हॉस्पिटलला ने, आन, औषध लागला तर दे. एवढा तर सख्खी सून पन करत नाय.” जिन्याशी थांबून तो पुन्हा वळला. “आनि पोपटशी आता वाकडा नको. त्याचा घर आपल्या प्लॉटला जोडून घ्यायचा हाय, समजलीस ना? दोन वर्षं झाली, सहीला तयार होत नाय.”

तेव्हा ते तिला पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं. आपण सगळं करू, त्यांचा हात बरा होईल, मग संपेल.

हात बरा झाला. बाकीचं वाढत गेलं.

पहिल्या आठवड्यात नामाबाबा भिंत धरून चालायला लागले. दुसऱ्या आठवड्यात भिंत असली तरी पुतळाआईचा खांदा लागायला लागला. गोळ्यांनी त्यांना झापड यायची, झापडीत तोल जायचा, आणि तोल गेला की सगळे म्हणायचे, बघा, पुन्हा चक्कर. पोपटने ओटीला लोखंडी दार बसवून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. महापालिकेत कामाला जाताना तो बापाच्या चपला माळ्यावर टाकून जायचा. “मना कळत नाय का? नजर चुकवून बांधावर जातील, न परतील पान्यात.” बांधावरचे तिघे एकदा भेटायला आले. नामाबाबा त्यांच्याशी दाराच्या गजांमधून बोलले. पुन्हा ते आले नाहीत.

रंजिताचा पाय घरात ठरेना. केर काढून झाला की ती पुन्हा काढायची. मुलींना शाळेत सोडून घरी यायच्या ऐवजी गाडी वाशीकडे वळवायची, पाम बीच रस्त्याला लागायची, बेलापूरच्या टोकाला वळसा घालून परत. सानपाड्याचा सिग्नल लागला की तिच्या जुन्या ऑफिसची इमारत दिसायची. तिथे थांबावंसं वाटायचं, पण थांबून करायचं काय ते कळायचं नाही. एखाद्या दिवशी असे तीन तीन फेरे व्हायचे. पूर्वी गाडीतली शांतता हवीशी वाटायची. आता तिला तीच सहन होत नव्हती. ती काचा खाली करायची, रेडिओ लावायची, बंद करायची.

गल्लीत ती आता सेन्सर बंद करत नसे. शिवाय गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत यायची. “वैनी, ऐकू येतंय हो,” ओटीवरून कुणीतरी ओरडायचं. तिला मात्र ते कुणाला ऐकू जात असेल याची खात्री वाटायची नाही.

डोस वाढवून आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोपट घरी आला. कुंदन सोफ्यावर होता. पोपट उभ्यानेच म्हणाला, “कुंदनशेठ, मी दोन वर्षं नाय नाय बोललो. पन माज्या बापासाठी वैनींनी जे केला ते रक्ताचा मानूस करनार नाय. रविवारी कागद घेऊन या. सही देतो.”

कुंदनने उठून त्याला मिठी मारली. पोपटच्या खांद्यावरून त्याने रंजिताकडे पाहिलं आणि हसून मान हलवली. जणू हे दोघांनी मिळून जमवलं होतं.

ती आत गेली आणि मोरीतला नळ सोडून नुसती उभी राहिली.

*

शनिवारी दुपारी मुलींना आणून, जेवू घालून रंजिता नामाबाबांकडे गेली. गाडी तिने घरीच ठेवली. लोखंडी दाराची कडी काढून आत शिरली, तेव्हा नामाबाबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. डोळे अर्धे मिटलेले. दाढी वाढली होती. खाटेखाली लघवीचं भांडं होतं आणि त्यावर वर्तमानपत्र झाकलेलं.

पुतळाआईने चहा टाकला. “आज तं संडासला पन उठला नाय,” ती आतून म्हणाली. “बोलतो, पाय माजे नाय रायले, उगा कनाला नेतेस.”

रंजिता खाटेच्या कडेला बसली. पुतळाआईने आणून दिलेला चहाचा कप तिने खाली ठेवला.

“बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

नामाबाबांनी डोळे उघडले. “आं?”

“त्या दिवशी तुम्हाला चक्कर आली नव्हती.”

“काय बोलतेस? जोरात बोल गो.”

तिने दाराकडे पाहिलं. समोरच्या ओटीवर दोघी बायका लसूण सोलत बसल्या होत्या. एका मुलाने सायकल उलटी करून ठेवली होती. हे हळू सांगायचं, त्यांच्या कानाशी, पायांना हात लावून सांगायचं, असं ती वाटेत ठरवत आली होती.

“तुम्हाला चक्कर आली नव्हती!” ती मोठ्याने म्हणाली. “मी पाडलं तुम्हाला! माझी गाडी लागली मागून! तुमचे पाय बरे आहेत, बाबा! गाडी लागली!”

समोरच्या बायकांचे हात थांबले.

नामाबाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “कुठं लागली?”

तिने त्यांच्या गुडघ्याच्या मागे हात लावला.

“हितं?”

“हो.”

त्यांनी तिथे स्वतःचा हात नेला. लवणीत बोटं फिरवली, जसं दुसऱ्या कुणाचं अंग चाचपावं तशी. “वढल्यासारखा वाटला होता,” ते स्वतःशीच म्हणाले. “मी त्या डॉक्टरला बोललो ना. बोललो होतो ना मी?”

“बोलला होता.”

“मंग तो चक्कर चक्कर काय करतो?”

दोन्ही पाय त्यांनी खाटेवरून खाली सोडले. तळवे फरशीवर टेकवले. रंजिता हात द्यायला पुढे झाली, तसा त्यांनी तिचा हात बाजूला केला. खाटेची कड धरून ते उठले. पाच आठवड्यांत पोटऱ्या निम्म्या झाल्या होत्या. ते तसेच उभे राहिले, आणि मग आत बघून ओरडले, “पुतले, ऐकलास का? मना गारीनी पारला! पाय जेले नाय माजे!”

मुलगा पास झाल्याची बातमी सांगावी तसा त्यांचा आवाज होता.

पुतळाआई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे न बघता ती रंजिताकडे बघत होती.

“पाच हप्ते,” ती म्हणाली. “पाच हप्ते तू माज्या हातचा चाय पिलीस.”

ती पुढे आली, रंजितासमोरचा भरलेला कप उचलला आणि मोरीत ओतला. कप विसळून पालथा घातला. मग पदर तोंडाला लावून आतच बसून राहिली.

*

पोपट कामावरून येईपर्यंत गल्लीला सगळं ठाऊक झालं होतं. तो थेट कुंदनच्या दारात आला. आरडाओरडा होईल असं सगळ्यांना वाटत होतं. मुलींना सासूबाईंनी आतल्या खोलीत नेलं होतं.

पोपट ओरडला नाही. तो रंजिताला म्हणाला, “मी माज्या बापाला कोंडून ठेवला, वैनी. मी. कडी लावून.” उंबऱ्यावरून मागे होत तो कुंदनकडे वळला. “पोलिसात जानार नाय. म्हातारा बोलतो, नको. पन उद्या कागद घेऊन येऊ नका. उद्या नाय, कधीच नाय.”

तो गेल्यावर कुंदनने दार लावलं. हात पुढे केला.

“चावी.”

रंजिताने पर्समधून चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.

“तुला काय मिळाला?” कुंदन म्हणाला. आवाजात राग कमीच होता, त्याला खरंच कळत नव्हतं. “हात बरा झाला होता. सही होत होती. सगळे तुला देवी बोलत होते. कोनी विचारला होता तुला?”

“नाही,” ती म्हणाली.

“मग?”

नामाबाबा खाटेची कड धरून कसे उभे राहिले, ते या माणसाला कसं सांगायचं ते तिला सुचेना. ती मुलींना बघायला आत गेली.

सोमवारपासून मुली शाळेच्या बसने जाऊ लागल्या. गाडी इमारतीखाली कापड घालून उभी राहिली. सासूबाईंना दवाखान्यात न्यायला रिक्षा येऊ लागली. पुतळाआई समोर आली तर मान वळवून जायची, आणि ओटीवर बसलेल्या बायकांचं बोलणं रंजिता जवळ आली की थांबायचं. तिला त्याचा त्रास व्हायचा. पण केर ती आता एकदाच काढत होती.

*

दिवाळीच्या आधीच्या एका दुपारी मुलींना बसवरून आणायला ती निघाली. चार वाजले होते. गल्लीत पुढे नामाबाबा चालले होते. नवीन डॉक्टरांनी गोळ्या बंद करून महिना झाला होता. हातात काठी होती, पण ती ते टेकवत नव्हते, नुसती धरली होती. चाल मंद होती, तरी सरळ होती. लोखंडी दार उघडं टाकून ते निघाले होते. वाट खाडीची होती.

रंजिताने पावलं आवरली. त्यांना ओलांडून जावं की मागेच राहावं, तिला ठरवता येईना.

दहाएक पावलं चालून नामाबाबा थांबले. काठी भिंतीला लावून ते अख्खे मागे वळले आणि गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली. रंजिता त्यांना दिसली. त्यांनी थोडी मान हलवली आणि ते पुन्हा चालायला लागले.

आणखी दहा पावलांवर ते पुन्हा थांबले. पुन्हा वळले.

एवढी वर्षं हा माणूस गल्लीच्या मधोमध चालत आला होता, मागे काय आहे याची फिकीर न करता. आता तो भिंतीच्या कडेने चालत होता. गल्लीत गाडी नव्हती, सायकल नव्हती, रंजिताशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी कपाळाशी आडवा हात धरून ते नीट बघून घेतलं आणि पुढची दहा पावलं टाकली.